व्हेनिसच्या मुखवट्यावरचा तो पिसांचा डोलारा हाताने कसा बनवतात?

फेब्रुवारी उजाडला की इन्स्टाग्रामवर व्हेनिसचे फोटो दिसू लागतात. मागे कालवा, चेहऱ्यावर पांढराशुभ्र मुखवटा आणि डोक्यावर पिसं, मणी, जर यांचा हातभर उंच डोलारा. हे सगळं मुखवट्यालाच चिकटवलंय असं फोटोत वाटतं. घरी करून बघणारे तसंच करतात आणि थोड्याच वेळात मुखवटा नाकावरून घसरायला लागतो. खरी गोष्ट अशी की मुखवट्याने फक्त चेहरा झाकायचा असतो. भार सगळा डोक्याने घ्यायचा.

मुळात व्हेनिसला एवढा थाट अपेक्षितच नव्हता. तिथले मुखवटे बनवणारे कारागीर म्हणजे ‘मास्केरारी’. त्यांच्या व्यवसायाचे नियम १४३६ मध्येच लिहिले गेले होते. तिथला सगळ्यात ओळखीचा वेश ‘बाउता’. त्यात पांढरा मुखवटा, काळा झगा आणि तीन कोनांची काळी टोपी, बस्स. मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला असायचा, म्हणजे तो न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदले. समोरचा सरदार आहे की नोकर, हे कळू नये हाच हेतू. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं, पुढे कार्निव्हलही मागे पडला. तो पुन्हा जोरात सुरू झाला १९७९ मध्ये. आज फोटोत दिसणारी अवाढव्य शिरोभूषणं मुख्यतः या दुसऱ्या डावातली आहेत. लपण्यासाठी असलेला वेश आता बघितलं जाण्यासाठी घातला जातो!

आता बनवण्याकडे येऊ. सुरुवात पिसांपासून नाही, बैठकीपासून. त्यासाठी कडक, खळीचं सुती बक्रम लागतं. शिंप्याकडे कॉलरसाठी इस्त्रीने चिकटवायचं बक्रम मिळतं, ते इथे चालत नाही. खळीचं बक्रम पाण्यात भिजवलं की मऊ पडतं आणि ज्या आकारावर वाळेल तो आकार धरतं. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५८ सेंमी असतो. तेवढ्या घेराचं, गोल बुडाचं पातेलं पालथं घालून त्यावर प्लास्टिक लावायचं, वर ओलं बक्रम ताणून बसवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. मग कडा कापून कडेने तार ठेवायची आणि ती काजाच्या टाक्याने शिवायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे डिंकावर भागवलं तर कार्यक्रमाच्या मध्यावरच कड उसवते.

आतल्या बाजूला दोन्हीकडे केसांचे छोटे कंगवे शिवायचे आणि मागून अंबाड्याखालून जाईल असं इलॅस्टिक लावायचं. मुंडावळ्या कशा मागे बांधल्या की जागच्या हलत नाहीत, तसंच.

नंतर उंची. लांब पिसाच्या देठाला बारीक तार गुंडाळली की ते हवं तसं वाकवता येतं. तारेचं टोक बक्रममधून आत काढून शिवून टाकायचं. सगळ्यात उंच पिसं टाळूच्या किंचित मागे हवीत. कपाळावर लावलेलं उंच पीस फोटोत छान दिसतं, पण मान सतत पुढे ओढतं. चुरगळलेलं पीस किटलीच्या वाफेवर धरलं की फुलतं. मणी, लेस, बेगड सगळ्यात शेवटी, तेही देठ आणि टाके झाकण्यापुरतं. हॉट ग्लू वापरायचा तर इथेच, आणि थेंबभरच. तो गार झाल्यावर जड गोळा होतो.

पिसं कोणती? आपल्याकडे पहिला हात मोरपिसाकडे जातो. आपोआप गळलेल्या मोरपिसांना देशांतर्गत व्यवहारात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सूट आहे, निर्यातीवर मात्र बंदी आहे. त्यामुळे परदेशातल्या मैत्रिणीला असं शिरोभूषण कुरियरने पाठवायचा विचार असेल तर कोंबड्याची रंगवलेली पिसं वापरा.

मुखवटा वेगळा, हलका आणि स्वतःच्या फितीने बांधलेला असावा. व्हेनिसचे कारागीर तो कागदाच्या लगद्याचा करतात. घरी साच्यावर कागदाचे चार-पाच थर खळीने चिकटवले तरी पुरतात. डोळ्यांची भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी कापा, कारण मुखवट्याआडून बाजूचं दिसत नाही आणि जिन्यावर पाय चुकतो.

तयार झालं की घालून वाका, चपलेचा बंद लावा, दारातून आत-बाहेर करा. जे सुटायचं ते तेव्हाच सुटेल. मेणबत्त्या असलेल्या टेबलापासून लांब राहा, पिसं आणि नेट क्षणात पेट घेतात. नंतर ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. पुठ्ठ्याचं खोकं, आत डांबराच्या दोन गोळ्या. पिसांना कसर लागते.