ईश्वरानुमान : कार्यत्वहेतू आणि त्याचे परीक्षण

केवळ शब्दप्रमाणावर विसंबून न राहता जगाचा कर्ता अनुमानाने सिद्ध करू पाहणारी न्यायदर्शनातील युक्ती म्हणजे ईश्वरानुमान होय. तिची सर्वांत समर्थ मांडणी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या पाच स्तबकांच्या ग्रंथात केली. त्यांच्या ‘लक्षणावली’त शके ९०६ (इ. स. ९८४) हा काळ आढळतो, तथापि काही अभ्यासक त्यांना अकराव्या शतकात घालतात. पाचव्या स्तबकात परमाणूंची पहिली हालचाल (आयोजन), जगाचे धारण (धृती) असे नऊ हेतू येतात. पण पुढच्या वादाचा भार मुख्यतः पहिल्या हेतूने, म्हणजे कार्यत्वाने, वाहिला.

पृथ्वी, अंकुर इत्यादी वस्तू कोणा कर्त्याने केलेल्या आहेत, कारण त्या कार्ये आहेत, आणि जे जे कार्य ते ते सकर्तृक असते, जसा घट, असे या अनुमानाचे रूप आहे. ज्याविषयी सिद्ध करायचे ती पृथ्वी हा येथे ‘पक्ष’, सकर्तृकत्व हे ‘साध्य’, कार्यत्व हा ‘हेतू’, आणि हेतू व साध्य यांचे अव्यभिचारी साहचर्य ही ‘व्याप्ती’. ज्याला उपादानाचे साक्षात ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न ही तिन्ही असतात, त्याला नैयायिक कर्ता म्हणतात. पृथ्वीचे उपादान परमाणू असल्याने आणि ते कोणाही माणसाला दिसत नसल्याने, ज्याला ते दिसतात तो कर्ता सर्वज्ञच असला पाहिजे, अशी पुढची पायरी आहे. परमाणू, आकाश व जीवात्मे नित्य मानलेले असल्यामुळे हा कर्ता शून्यातून जग काढणारा नव्हे, तर असलेल्या सामग्रीची जुळणी करणारा, म्हणजे निमित्तकारण, ठरतो.

आक्षेपकांत निरीश्वरवादी बौद्ध, जैन व मीमांसक तर आहेतच. परंतु ईश्वर मानणारे रामानुजाचार्यही श्रीभाष्यात, ईश्वर शास्त्रानेच कळतो, अनुमानाने नव्हे, असे बजावतात, ही बाब सहसा नजरेआड होते. मीमांसक कुमारिलभट्टांना संपूर्ण जगाची एकदम उत्पत्ती व प्रलय मुळातच मान्य नाहीत, आणि अशरीरी कर्त्याने कोणत्या हेतूने सृष्टी केली हेही त्यांना कळत नाही. करुणेने म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करण्याजोगे कोणी नव्हते. सर्वांत मर्मभेदी आक्षेप मात्र बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांचा आहे. घट मातीचा असतो व वारूळही मातीचे असते. पण तेवढ्यावरून वारूळ कुंभाराने केले असे कोणी म्हणत नाही. ‘कार्य’ हा एकच शब्द दोन्हींना लागू पडला, तरी ज्या विशिष्ट रचनेकडे पाहून कर्त्याचे अनुमान होते, ती रचना दोन्हींत एक नाही.

देवगड-मालवण किनाऱ्यावरील जांभ्या दगडाच्या सड्यांवर हा आक्षेप जसाच्या तसा पडताळून पाहता येतो. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या कातळशिल्पांचे कर्ते कोणी पाहिलेले नाहीत, तरी खोदलेल्या रेषा व आकृती पाहून ती माणसाने कोरली असे अनुमान निःशंकपणे होते, कारण खोदकाम व खोदणारा यांचे साहचर्य अन्यत्र पाहिलेले असते. त्याच कातळात पावसापाण्याने झिजून पडलेला खळगाही न्यायमताने कार्यच आहे, पण त्यावरून पाथरवटाचे अनुमान कोणी करत नाही. यावर नैयायिकांचे उत्तर चतुर आहे. खळग्याला मानवी कर्ता नाही एवढेच यातून सिद्ध होते, आणि ज्याचा कर्ता दिसत नाही असे सारे पक्षातच मोडत असल्याने, तो खळगा व्यभिचार, म्हणजे व्याप्ती मोडणारे उदाहरण, म्हणून पुढे करता येत नाही. तंत्रदृष्ट्या हे बिनतोड आहे. परंतु त्याची किंमत मोठी आहे, कारण प्रत्येक अडचणीचे उदाहरण पक्षात ढकलता आले की व्याप्ती खोटी ठरण्याची वाटच उरत नाही आणि ती अनुभवातून मिळाली हा दावा पोकळ होतो.

दुसरा आक्षेप ‘उपाधी’चा, म्हणजे जी साध्याबरोबर नेहमी आढळते पण हेतूबरोबर नेहमी आढळत नाही अशा अटीचा आहे. घट, पट, घर यांचे कर्ते सशरीर असतात. तेव्हा सकर्तृकत्वाला व्यापणारी खरी अट शरीरजन्यत्व होय, आणि ती अंकुरात नाही. ‘शरीराने उत्पन्न न झालेले’ म्हणून अकर्तृक, या प्रतिपक्षी अनुमानात ‘शरीर’ हे विशेषण व्यर्थ आहे, ‘उत्पन्न न झालेले’ एवढेच अकर्तृकत्वाला पुरते, असे नैयायिक लाघवाच्या, म्हणजे कमीत कमी कल्पनेच्या, तत्त्वावर सांगतात. चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त हा वाद आणखी सूक्ष्म केला. कर्ता एकच का, अनेक का नव्हेत, याचेही उत्तर लाघवच देते. मात्र लाघव हा दोन सिद्धान्तांतून निवड करण्याचा निकष असून वस्तूच्या अस्तित्वाचा पुरावा नाही.

युरोपात थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांच्या ईश्वरसिद्धीच्या पाच मार्गांची याच्याशी तुलना होते, आणि डेव्हिड ह्यूम यांच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादांतील, घरावरून जगाकडे जाणारे साम्य दुबळे आहे हा आक्षेप धर्मकीर्तींच्या आक्षेपाच्या फार जवळ येतो.

महाराष्ट्रात ही युक्ती संस्कृताच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली ती बहुधा अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरील त्यांच्याच दीपिकेतून. यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची तर्कसंग्रहाची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले नव्यन्यायाचे जाणकार लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे धर्माचे चिकित्सक झाले, यावरून या शास्त्राचे शिक्षण श्रद्धेचा आपोआप पाठपुरावा करीत नाही हे दिसते. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’ची भूमिका तर वेगळ्याच टोकाची आहे : जे स्वयंप्रकाश आहे त्याला प्रमाणाची गरज नाही.

सिद्धी म्हणून कार्यत्वहेतू अपुरा आहे, कारण त्याची व्याप्ती मानवी कारागिरीपुरती पडताळलेली असून ती विश्वाला लावण्याचा अधिकार स्वतंत्रपणे सिद्ध झालेला नाही. आणि तो मान्य केला, तरी हाती येतो तो जुळणी करणारा कर्ता, भक्ताचा ईश्वर नव्हे.