विजयदुर्गच्या सड्यावरची नाचणी

वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्गाचा इतिहास आरमाराच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. त्यामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर, पिकणाऱ्या धान्याकडे मात्र फार थोडे लक्ष गेले, हे खेदाचे आहे. ज्वारी हे देशावरचे पीक. अतिवृष्टीच्या या किनाऱ्यावर तिची जागा मूळच्या पूर्व आफ्रिकेतील नाचणीने घेतली. भातखाचरांव्यतिरिक्तच्या हलक्या, उताराच्या जमिनीस वरकस म्हणत, आणि तीत नाचणी, वरी, हरीक ही पिके काही वर्षे घेऊन ती पुन्हा पड ठेवीत. रोपांच्या जागेवर शेण, टहाळ व पालापाचोळा पसरून जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणत. त्या आचेने तणाचे बी मरे आणि राखेचे खत मिळे. नाचणीच्या बारीक दाण्याला कीड सहसा लागत नसल्याने तो वर्षानुवर्षे टिके, म्हणून भात बुडालेल्या साली गरीब कुळांना खरा आधार तिचाच असे. १९७२ मध्ये दापोलीत स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने नाचणीच्या सुधारित जाती विकसित केल्या. परंतु १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कोकणातील वरकस जमिनी झपाट्याने कलमांखाली गेल्या, आणि देवगड तालुक्यात त्या मुख्यतः हापूसच्या झाल्या.