गांजावरचा कर: १८९४ साली मिळालेला धडा

नगर, सातारा, खानदेश या भागांत एकेकाळी गांजाचं पीक उघडपणे घेतलं जायचं. परवान्याच्या दुकानात तो मिळायचा आणि सरकारच्या तिजोरीत आबकारीचा पैसा पडायचा.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये दारूबंदीवाले खासदार विल्यम केन यांनी गांजाच्या परिणामांचा प्रश्न काढला. मग सात जणांचा आयोग नेमला गेला, त्यात तीन हिंदी सदस्य. ११९३ साक्षीदार तपासून १८९४ साली त्यांनी सांगितलं: बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको. कर लावा, लागवड आणि विक्री ताब्यात ठेवा.

पण कर कसा लावायचा? खरी गंमत इथेच आहे.

आपल्या मुंबई इलाख्यात मुख्य भर दुकानांच्या लिलावावर. दुकानदार एकदा ठोक रक्कम भरून मोकळा. पुढचा प्रत्येक शेर त्याला जवळपास करमुक्त, म्हणजे जितका जास्त खपवेल तितका फायदा. बंगालमध्ये मात्र नौगावच्या ठरावीक पट्ट्यातच लागवड. माल सरकारी गोदामात जायचा आणि वजनावर कर बसायचा. खप वाढला की करही वाढणार! आयोगाने बंगालची पद्धत उचलून धरली.

सोबत एक इशाराही दिला. कर वाढवा, पण जपून. फार चढवलात तर चोरटा माल येईल, नाहीतर लोक दारूकडे वळतील. हिमालयाच्या पायथ्याशी तर भांग रानात आपोआप उगवते, तिच्यावर पहारा कोण ठेवणार?

सव्वाशे वर्षांनी कॅलिफोर्निया तिथेच ठेचकाळलं. २०१८ पासून तिथे दुकानांत विक्री सुरू झाली. १५ टक्के अबकारी, वर लागवडीवर वजनाप्रमाणे कर, त्यावर गावोगावचे कर. चोरटा बाजार काही उठला नाही. २०२२ मध्ये लागवडीवरचा कर रद्द करावा लागला. २०२५ च्या जुलैत अबकारी १९ टक्के केली आणि ऑक्टोबरमध्ये परत १५ वर आणली.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा-चरस बंद केले. भांगेची पानं तेवढी त्यातून सुटली, म्हणून राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आजही दिसतात.

उद्या कुणी 'गांजा खुला करा, तिजोरी भरेल' म्हणालं तर आधी दोन प्रश्न विचारा. कर कशावर बसवणार, परवान्यावर की मालावर? आणि तो भरून दुकानातला भाव चोरट्या मालाच्या आसपास राहील का? याचं उत्तर नसेल तर तिजोरीही भरणार नाही आणि व्यसनही आटोक्यात येणार नाही.