चालतं घर: पेशखाना, वाडा आणि मोटरहोम

एक प्रश्न सारखा येतोय: "राजगडाला मोटरहोम घेऊन जायचंय, कोणतं घेऊ?" उत्तर देतो, पण वाट जरा जुनी आहे.

आधी शब्द सरळ करू. कारॅव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, त्याला स्वतःचं इंजिन नाही. मुक्कामी ते सोडून ठेवा आणि गाडी घेऊन दूध आणायला जा. मोटरहोममध्ये घर आणि इंजिन एकाच चासीवर. आमच्या कोडच्या भाषेत टाइट कपलिंग: दूध आणायलाही अख्खं घर न्यायचं. अमेरिकेत त्याचे तीन वर्ग. बसएवढं ते क्लास ए, व्हॅनच्या आत मावणारं क्लास बी म्हणजे कॅम्परव्हॅन, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं क्लास सी. गंमत म्हणजे सगळ्यात लहान सी नाही, बी! हे नामकरण कुठल्याही कोड रिव्ह्यूत अडकलं असतं.

हौशी प्रवासाची कारॅव्हॅन म्हटलं की 1885 ची 'वाँडरर' आठवतात. ब्रिस्टलमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी बांधलेली, दोन घोडे ओढायचे. पण हौस सोडली, तर चालत्या घराचा त्याहून कितीतरी मोठा प्रयोग आपल्या वेल्ह्यात येऊन गेलाय.

औरंगजेब 1681 मध्ये दक्षिणेत आला तो परत दिल्लीला गेलाच नाही. राजधानी तंबूंत. मुघलांची पद्धत अशी की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात तो मुक्कामाला, तेव्हा दुसरा, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. 1695 मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत गेला. त्याने तिचा घेर तीस मैल लिहून ठेवलाय. तीस मैल! पुणे ते भोर एवढं अंतर जवळजवळ.

हे सगळं लटांबर 1703 च्या नोव्हेंबरात राजगडाकडे निघालं. सपाटीवर जे शोभून दिसायचं ते घाटात गळ्यात आलं. तोफा आणि सामान न्यायला वाट आधी फोडून घ्यावी लागली. फेब्रुवारी 1704 मध्ये राजगड पडला, मार्चमध्ये तोरणा. तोरण्याला 'फुतूहुल्गैब' असं नवं नावही मिळालं. काही वर्षांतच दोन्ही गड परत मराठ्यांकडे. आणि मराठ्यांचा स्वार? त्याचं घर घोड्याच्या पाठीवर मावायचं. माझ्या मते या डोंगरात अर्धी लढाई तिथेच ठरत होती.

तसंच घर आजही दिसतं. मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन उतरतात, तेव्हा बिऱ्हाड घोड्यावर असतं: भांडी, घोंगडी, कोंबड्या, कधी वर बसवलेलं पोरही. त्या तळाला ते 'वाडा' म्हणतात. भोरला पंतसचिवांचा दगडी वाडा बघायला गर्दी होते. हा दुसरा वाडा रस्त्यात आडवा आला की मात्र आपण हॉर्न वाजवतो.

राज्याने 2021 मध्ये कारॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे भाड्याच्या गाड्यांची चर्चा वाढली. तर उत्तर: कॅम्परव्हॅन घ्या. मागे ट्रेलर लावून गुंजवण्याच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, तर रिव्हर्स कोण घेणार? आणि पावसाळ्यात वरंधा घाटातून महाडला उतरायचा बेत असेल, तर घाट चालू आहे का ते आधी विचारून घ्या.