जन्मकुंडलीची शास्त्रीय कसोटी

मुलगी पसंत, घराणे पसंत; पण पत्रिका जुळत नाही, या एका कारणावरून मोडलेली स्थळे महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची आहेत. छत्तीसपैकी निदान अठरा गुण जमतात की नाही आणि मंगळ कोणत्या स्थानी आहे, यावर दोन माणसांच्या आयुष्याचा निर्णय होतो. ज्या साधनाला समाज एवढा अधिकार देतो, ते तपासून पाहता येते काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडिती वादाचा राहत नाही.

गणित आणि फलित

या चर्चेत प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ग्रहणे, तिथी, ग्रहांची स्थाने यांचे गणित हा खगोलशास्त्राचा भाग असून तो आकाशाकडे पाहून पडताळता येतो. फलज्योतिष त्यापुढे जाऊन, जन्मसमयीच्या ग्रहस्थितीवरून जातकाचा स्वभाव, बुद्धी, विवाह, संतती व आयुर्मान सांगता येते, असे म्हणते. गणित अचूक आले, याचा अर्थ फलित सिद्ध झाले असा होत नाही. वादाचा विषय आहे तो हा दुसरा भाग.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांत वैदिक ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यास तीव्र विरोध केला. डॉ. पुष्पमित्र भार्गव व अन्य याचिकाकर्ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००४ मध्ये त्यांची याचिका फेटाळण्यात आली. तथापि, न्यायालयाचा प्रश्न शैक्षणिक निर्णयात हस्तक्षेप करावा की नाही, हा होता. कुंडलीवरून केलेले भाकीत खरे ठरते काय, याचे उत्तर न्यायालयात नव्हे, तर चाचणीतूनच मिळू शकते.

पुण्यातील चाचणी

अशी एक चाचणी मे २००८ मध्ये पुण्यात जाहीर झाली. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती योजली होती.

चाचणीचा प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. समितीच्या कार्यकर्त्यांनी दोनशे मुलांची जन्मतारीख, जन्मवेळ व जन्मस्थळ मिळविले. त्यांपैकी शंभर मुले शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, तर शंभर मुले बौद्धिक अक्षमता असलेली, म्हणजे त्या वेळच्या शब्दांत मतिमंद होती. त्यांच्या कुंडल्या एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पाठवायच्या आणि प्रत्येक कुंडली कोणत्या गटातील मुलाची, एवढेच त्याने सांगायचे, असे ठरले. मुलाला पाहणे नाही, पालकांशी बोलणे नाही. केवळ कुंडली हाच आधार.

निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली, तरी चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येणारच. म्हणून यशाची रेषा अठ्ठावीसवर आखण्यात आली. नाणेफेक करून अठ्ठावीस किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. ही रेषा उत्तरे येण्यापूर्वीच ठरविली होती, हे महत्त्वाचे. निकाल पाहून मागाहून निकष ठरविला, तर कोणतीही चाचणी हवी तशी वळविता येते.

निकाल काय लागला?

आवाहनाचे स्वागत झाले, तसाच त्यावर बहिष्कारही पुकारला गेला. एकावन्न ज्योतिषांनी कुंडल्या मागविल्या. त्यांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. सर्वाधिक गुण २४ होते व ते एकालाच मिळाले. सरासरी तर वीसच्याही खालीच राहिली. २४ ही संख्याही विशेष नव्हे. सत्तावीस माणसांनी डोळे मिटून उत्तरे दिली असती, तरी त्यांतील तीन-चार जण २४ किंवा त्यापुढे पोहोचणे स्वाभाविक होते. एका संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

असाच प्रयोग अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी केला होता व तो १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कुंडलीशी जुळणारे व्यक्तिमत्त्ववर्णन तिनांतून निवडायचे होते. निम्म्या वेळा तरी उत्तर बरोबर येईल, अशी ज्योतिषांची अपेक्षा होती; प्रत्यक्षात ते सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे अंदाजाइतकेच आले. या प्रयोगाच्या विश्लेषणावर पुढे आक्षेपही घेतले गेले.

आक्षेप आणि उत्तरे

ज्योतिषांचे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. तेव्हा नोंदविलेली जन्मवेळ चुकली, तर कुंडलीच बदलू शकते. अयनांशावरही एकमत नाही. टिळक पंचांग आणि चित्रापक्षीय पंचांगे यांच्यात सुमारे चार अंशांचा फरक असल्याने एकाच बालकाची रास दोन पंचांगांत वेगळी येऊ शकते. बुद्धी ही एकाच ग्रहावरून पाहायची गोष्ट नव्हे, असेही सांगितले जाते.

परंतु हे आक्षेप दुधारी आहेत. जन्मवेळ अविश्वसनीय असेल, तर त्याच वेळेवर मांडलेल्या पत्रिकेवरून विवाह मोडणेही तितकेच अविश्वसनीय ठरते. पंचांगे जुळत नसतील, तर कोणते ग्राह्य, हे फलितावरूनच ठरवावे लागेल. म्हणजे पुन्हा चाचणीच हवी. ‘ग्रह केवळ प्रवृत्ती दाखवितात’ असे म्हटले, तर भाकीत चुकण्याची शक्यताच उरत नाही आणि जे चुकूच शकत नाही ते तपासताही येत नाही.

पुण्याच्या चाचणीने संपूर्ण फलज्योतिषाचा निकाल लावला, असे म्हणता येणार नाही. कुंडलीवरून हुशार व बौद्धिक अक्षमता असलेले मूल वेगळे ओळखता येते, या एका दाव्याची ती परीक्षा होती आणि त्या परीक्षेत तो दावा टिकला नाही. विवाहाचे यश, व्यवसाय, दीर्घायुष्य यांविषयीचे दावेही याच रीतीने तपासता येतील. त्यासाठी भाकीत काय, ते चुकले असे केव्हा मानायचे, हे दोन्ही पक्षांनी आधी लिहून ठेवावे लागेल.

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, तर डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांनी घालून दिलेली पद्धत मात्र सर्वांसाठी खुली आहे. ज्यांचा कुंडलीवर विश्वास आहे, त्यांनीही ती वापरण्यास हरकत नसावी.