कारण वेगळं, दोष वेगळा

मंडळी, मेंदूचा पांढरा भाग म्हणजे तारांचं जाळं. बहुतेक तारांवर मायलिन नावाचं वेष्टन असतं. शरीराच्या राखणदार पेशीच त्या वेष्टनावर तुटून पडल्या, की तिथे दाह होतो आणि हातापायांना, डोळ्यांना निरोप नीट पोचत नाही. हा मल्टिपल स्क्लेरोसिस. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं.

पुढे बराच काळ तो थंड मुलखातल्या गोऱ्यांचा आजार समजला गेला. मग कारण काय म्हणायचं, हवा की वंश? याचा एक मोलाचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातून मिळाला. डॉ. नोशीर वाडिया आणि मुंबईतल्या इतर मेंदूतज्ज्ञांनी पारशी समाजातले रुग्ण मोजले. निष्कर्ष १९८८ आणि १९९० साली छापून आले. इतर भारतीयांपेक्षा पारशांत हा आजार कितीतरी जास्त होता. शहर तेच, हवा तीच. वेगळी होती ती इराणातून आलेली, आपसातच लग्नं करणारी वंशरेषा. पण उत्तर युरोपाच्या मानाने पारशांतलं प्रमाण कमीच. म्हणजे नुसत्या वंशानेही भागत नाही.

१९७२ साली एचएलए या जनुकसमूहाशी त्याचा संबंध दिसला. आज दोनशेहून अधिक जनुकीय जागा ठाऊक आहेत. त्यांतल्या बहुतेक प्रतिकारशक्तीशी निगडित. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तर चारांतल्या साधारण तिघांच्या भावंडाला तो होत नाही. २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासाने एपस्टाइन-बार विषाणूकडे बोट दाखवलं.

आपल्या न्यायशास्त्रात घटाचं उदाहरण आहे. माती हवी, चाक हवं, दंड हवा, कुंभार हवा. माती वाहून आणणारं गाढवही तिथे असतं, पण ते घटाचं कारण नव्हे. नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. जनुक ही माती. एकट्या मातीचा घडा होत नाही. आणि ‘कुळाचा दोष’? ते गाढव!

हे सांगतो, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, तोही बहुधा ऐन तरुणपणी. नेमकं सोयरिकीचं वय. सून आजारी पडली, की तिच्या माहेराकडे बोटं जातात. आई किंवा वडिलांना हा आजार असला, तरी शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही, हे तेव्हा कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा. कारण शोधायचं ते उपचारासाठी, कुणाला उंबऱ्याबाहेर काढण्यासाठी नव्हे.