श्रीमद् राजचंद्र यांची पेढी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली आणि मनात प्रथम आली ती मुंबईतील एक जवाहिराची पेढी. कापडाच्या गादीवर जन्म घालविलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

ववाणिया येथे १८६७ साली जन्मलेले श्रीमद् राजचंद्र ‘आत्मसिद्धी’मुळे आपल्या घराघरांत वंदनीय आहेत. व्यापारी म्हणून त्यांचा परिचय मात्र थोड्यांनाच असतो. मुंबईत ते रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार होते. (गावदेवीचे मणिभवन ते याच रेवाशंकरभाईंचे.) १८९१ च्या जुलैमध्ये विलायतेहून परतलेले तरुण बॅरिस्टर गांधी यांची डॉ. प्राणजीवन मेहता यांनी श्रीमदांशी भेट घालून दिली. श्रीमदांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊन ते चकित झाले. पण मोहित झाले ते त्यांच्या शास्त्रज्ञानाने, शुद्ध चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने.

गांधीजींनी आत्मकथेत या पेढीचे वर्णन केले आहे. हिरे-मोत्यांची पारख, लाखांचे सौदे. पण जवळ एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी सदैव असे. सौद्याचे बोलणे संपताच पुस्तक तरी उघडे, नाही तर रोजनिशी. गांधीजींचा त्या पेढीशी कोणताही आर्थिक संबंध नव्हता, वकिलीही चालत नव्हती. ते केवळ जवळ बसून पाहत होते. आपल्या पेढ्यांवर असे पाहणारे डोळे कितीतरी असतात, याचा आपल्याला विसर पडतो.

माझेच सांगतो. ‘माप चोख मिळेल’ अशी पाटी मी दुकानात लावली होती. एके दिवशी नवा मुलगा कापड ताणून मोजताना दिसला. रागावलो, तर तो निरागसपणे म्हणाला, “शेठजी, तुम्ही मोजता तसंच मोजतोय.” दिवाणजींनी वहीत मान घातली. पाटी त्याने वाचलीच नव्हती. माझा हात पाहिला होता.

श्रीमदांची एक कथा परंपरेने सांगितली जाते. ठरलेल्या भावाने माल देण्याचा करार एका व्यापाऱ्याने त्यांच्याशी केला. पुढे भाव चढले आणि करार पाळल्यास त्याचे दिवाळे निघणार, अशी स्थिती आली. श्रीमदांनी तो कागद स्वतःच फाडून टाकला. कराराचे कागद जपून ठेवणाऱ्या आम्हा वाणिज्य पदवीधरांना हे पचणे कठीणच!

१८९३ मध्ये गांधीजी दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. लवादात तैयब शेठ हरले. सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च एकदम भरणे त्यांना अशक्य होते. स्वतःच्याच अशिलाची समजूत घालून गांधीजींनी लांब मुदतीचे हप्ते मिळवून दिले. याचे श्रेय मुंबईच्या पेढीला द्यावे, असा पुरावा माझ्याजवळ नाही. पण व्यापारी मनाला ही दोन खाती एकमेकांशेजारी मांडावीशी वाटतात.

श्रीमदांचा देहान्त १९०१ मध्ये झाला. माझ्या दुकानातील ती पाटी मी त्याच संध्याकाळी उतरविली. तो मुलगा पुढे अकरा वर्षे माझ्याकडे होता.